एका क्रियापदात नांदणारे तीन धातू

इंग्रजीतील ‘टू बी’ या क्रियापदाची ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’, ‘बीन’ ही रूपे शाळेत एका तक्त्यात मांडून, ‘अनियमित’ असा शिक्का मारून पाठांतरावर सोपवली जातात. हा शिक्का त्या रूपांवर अन्याय करणारा आहे. ती परस्परांसारखी दिसत नाहीत याचे कारण ती मुळात एका धातूची नाहीतच. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक भाषांची जी लुप्त जननी अभ्यासकांनी तुलनेच्या आधारे उभी केली आहे, त्या आद्य इंडो-युरोपीय भाषेतील किमान तीन धातू येथे एकत्र आले आहेत, आणि तिघांचीही भावंडे संस्कृतात आहेत.

पहिला धातू ‘अस्’ म्हणजे असणे. ‘इज’ हे ‘अस्ति’चे, तर ‘अ‍ॅम’ हे ‘अस्मि’चे नातलग असून, प्रथमपुरुषी एकवचनाचा ‘मि’ हा प्राचीन प्रत्यय आजच्या इंग्रजीत केवळ ‘अ‍ॅम’मधील ‘म’च्या रूपाने उरला आहे. दुसरा धातू ‘भू’ म्हणजे होणे, वाढणे. ‘बी’ आणि ‘बीन’ त्याचे वंशज होत. प्राचीन इंग्रजीत या दोन्ही धातूंची वर्तमानकाळी रूपे शेजारी शेजारी वापरात होती, आणि ‘भू’कुळातील रूपे विशेषतः भविष्यासाठी व त्रिकालाबाधित विधानांसाठी योजली जात.

तिसरा धातू ‘वस्’, म्हणजे राहणे, मुक्काम करणे. मराठीतील ‘वस्ती’ आणि ‘निवास’ हे शब्द ज्याचे, त्याचीच ‘वॉज’ आणि ‘वेअर’ ही रूपे आहेत. एकात ‘स’ (उच्चारात आज ‘झ’) आणि दुसऱ्यात ‘र’ का, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल वेर्नर यांनी शोधलेल्या नियमात मिळते. एकवचनात आघात धातूवर होता, म्हणून ‘स’ टिकला. अनेकवचनात तो प्रत्ययावर गेला, म्हणून ‘स’ घोष होऊन पुढे ‘र’ झाला. जर्मानिक भाषांतून हा जुना आघात केव्हाच नाहीसा झाला होता, आणि त्याचे स्थान वेर्नर यांना वैदिक संस्कृतातील स्वरांवरून ताडता आले, ही या शोधातील सर्वांत विलक्षण बाब होय.

‘आर’ची कथा निराळी आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘सन्ति’शी नाते सांगणारे ‘सिंदॉन’ हे रूप रूढ होते, परंतु उत्तरेकडील ‘अरॉन’ने पुढे त्याची जागा घेतली; त्याच्या मूळ धातूविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

एका धातूची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याचा हा प्रकार भारतीय व्याकरणाला अपरिचित नव्हता. ‘आर्धधातुक’ नावाच्या प्रत्ययगटापूर्वी ‘अस्’च्या जागी ‘भू’ येतो, असा नियम पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त केला आहे, आणि त्यामुळेच ‘अस्ति’चे भविष्यकाळी रूप ‘भविष्यति’ होते. मराठीतही असण्याचा भूतकाळ ‘होता’ असा होतो, आणि हे रूप ‘भू’पासून निघालेल्या ‘होणे’ या क्रियापदाचे आहे.