स्पीकर घरचा, खर्ज खोक्याचा

आम्ही धायरीच्या बचत गटाच्या ताया बोलतोय.

आमच्या गटाच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. त्यावर हिशेब ठेवतो आणि रेडिओवरची भाषणं, प्रशिक्षणाचे व्हिडिओ बैठकीत सगळ्यांना ऐकवतो. त्याचे स्पीकर तळहाताएवढे. पंधरा-वीस जणी बसल्या की मागच्या आज्या म्हणायच्या, "पोरी, डब्यात माशी घोंगावल्यागत वाटतंय." दोन आज्या तर यायच्याच बंद झाल्या. मग स्पीकर आपणच बनवायचे, असं ठरलं. ते कसं जमलं आणि कुठे चुकलं, ते आज सांगतो.

आधी घरी एक करून बघा. मोबाईलवर गाणं लावून तो रिकाम्या पातेल्यात ठेवा. आवाज मोठा होईल, पण ढोलकीची थाप काही भरदार येणार नाही. हा जो खालचा, जाड आवाज, त्याला आपण खर्ज म्हणतो आणि पोरं बेस म्हणतात. तो का येत नाही?

स्पीकरमध्ये कागदाचा शंकू असतो. त्याच्या मागे तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक. तारेतून वीज गेली की शंकू पुढे-मागे हलतो, हवा ढकलतो आणि ती हवा म्हणजेच आवाज. बारीक आवाजाला थोडी हवा पुरते, खर्जाला भरपूर लागते. सुपाने जेवढा वारा निघतो, तेवढा बशीने निघेल का? म्हणून तबल्याशेजारी मोठा डग्गा असतो आणि म्हणूनच खर्जासाठी मोठा स्पीकर लागतो. त्याला वूफर म्हणतात.

पण नुसता वूफर आणून भागत नाही. शंकू पुढे हवा ढकलतो, तेव्हा मागे तेवढीच ओढतो. पुढची हवा कडेने वळून मागे जाते आणि खर्ज जागच्या जागी विरतो. खोका मागची बाजू बंद करतो. उघडा वूफर वाजवून बघा आणि मग तोच खोक्यात बसवून बघा. पैसे न वाढवता खर्ज येतो.

सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळालं. एका खोक्याला चार इंची वूफर एक आणि बारीक आवाजासाठी छोटा ट्वीटर एक. असे दोन खोके, दोन्हींना मिळून एक ॲम्प्लिफायरचा बोर्ड आणि 12 व्होल्टचा तयार ॲडॉप्टर. घरातल्या 230 व्होल्टच्या वायरींना आम्ही हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. ट्वीटरच्या वायरीत 4.7 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर घातला. तो चाळणीसारखा खर्ज अडवतो आणि नाजूक ट्वीटर वाचतो. बोर्ड किती ओहमच्या स्पीकरला चालतो, हे दुकानातच विचारून घ्या.

खोक्याला 12 मिलिमीटरचं प्लायवुड वापरलं. आतून उंची 25, रुंदी 16 आणि खोली 15 सेंटिमीटर. गुणाकार केला की 6,000 घन सेंटिमीटर, म्हणजे सहा लिटर. आपल्या सहा लिटरच्या डब्याएवढी हवा आत राहते. मात्र प्रत्येक वूफरला लागणारी जागा वेगळी असते. लाकूड कापायच्या आधी तेही विचारा.

आता आमच्या चुका. पहिल्या खोक्याच्या सांध्यांतून हवा निसटत होती. फुस्स असा आवाज यायचा आणि खर्ज पातळ. डिंक भरून फटी बुजवल्या आणि वूफरच्या कडेला फोमची पट्टी लावली.

दुसरी चूक म्हणजे एका खोक्याच्या वायरी उलट्या जोडल्या. एक शंकू पुढे गेला की दुसरा मागे, आणि दोघं मिळून खर्ज खाऊन टाकायचे. ओळखायचं कसं? दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवा. शंकू बाहेर आला, तर सेलची अधिक बाजू टेकली तेच वूफरचं अधिक टोक. तिथे खूण करून ठेवा.

तिसरी चूक आमच्या हौसेची. खोके कोपऱ्यात ठेवून बेसचं बटण पूर्ण फिरवलं. कोपऱ्यात खर्ज आणखी फुगतो. गाणं झकास वाजलं, पण भाषण लागलं तेव्हा एक शब्द कळेना. जुन्या टेलिफोनवरून साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, तरी आपण जन्मभर एकमेकींचं बोलणं समजून घेतलंच ना? शब्द मधल्या आवाजात असतात, खर्ज त्यांना फक्त अंग देतो. मग खोके भिंतीपासून हातभर पुढे घेतले, कानाच्या उंचीवर ठेवले आणि बटण अर्ध्यावर आणलं.

त्या दोन आज्यांपैकी एक पुन्हा बैठकीला येते. पुढे बसून व्याजाचा हिशेब ऐकते आणि चुकलं की टोकते. दुसरीला मात्र नव्या स्पीकरनेही नीट ऐकू येईना. तेव्हा कळलं की अडचण स्पीकरची नव्हती. तिला कान तपासायला घेऊन गेलो. तुमच्या गटातही कुणी हळूहळू गप्प होत असेल, तर आधी तिला विचारा, "तुला ऐकू येतंय ना?"