हजबंडचे मूळ घर

इंग्रजीतील ‘हजबंड’ हा शब्द मूळचा नवऱ्याचा नव्हे, घरधन्याचा. इंग्लंडमध्ये वस्ती केलेल्या स्कॅन्डिनेव्हियन लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘बोंडी’ म्हणजे घरदार, जमीनजुमला राखून राहणारा माणूस. या दोहोंपासून झालेला ‘हूसबोंडी’ जुन्या इंग्रजीत ‘हूसबोंडा’ झाला. लग्न झालेले असणे ही त्याची अट नव्हती. पती हा अर्थ रूढ झाला तो 13व्या शतकात. त्याआधी पतीसाठी ‘वेर’ हा शब्द होता. तो पुढे लोपला.

जुना अर्थ मात्र पुसला गेला नाही. ‘हजबंडमन’ म्हणजे शेतकरी, ‘हजबंडरी’ म्हणजे शेतीची व्यवस्था. पशुसंवर्धन खात्याच्या इंग्रजी नावातली ‘हजबंडरी’ हीच. क्रियापद म्हणून ‘हजबंड’चा अर्थ काटकसरीने वापरणे असा होतो.

‘बोंडी’ची कहाणी अधिक कडवट. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर साध्या शेतकऱ्याची पत घसरली, तो जमीनदाराचा बांधील झाला. गुलामीवाचक ‘बाँडेज’ त्यातूनच आला. घरधनिणीच्या वाट्याला तर उघड अन्याय आला. ‘हाउसवाइफ’चेच झिजलेले रूप ‘हसी’, आणि त्याचा अर्थ उठवळ बाई.