पिल्लाची पहिली रात्र



मागच्या वेळी मी कांटवर बोललो होतो. नीतिनियम कुठून येतात, कर्तव्य म्हणजे काय, असं सगळं. शेवटी एका तरुण श्रोत्याने हात वर केला आणि विचारलं, "सर, हे ठीक आहे, पण परवा आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू आणलंय आणि ते रात्रभर रडतंय. तुमच्या तत्त्वज्ञानात यावर काही आहे का?" सगळे हसले, मीही हसलो. उत्तर मात्र दिलं नाही, आणि ते मनात राहून गेलं. कारण त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी स्वतः एकदा चुकलेलो आहे. म्हणून आजचं व्याख्यान त्या रडणाऱ्या पिल्लावर.

वडूजला कुत्रं पाळणं काही नवं नाही. आमच्या लहानपणी वाडीवस्तीवर प्रत्येक घराला एक कुत्रं असायचं. पण त्याला "घरात रुळवावं" लागत नसे. ते त्याच आळीत जन्मलेलं, आई चार घरं पलीकडे, भावंडं उकिरड्यावर. अंगणात आलं, भाकरी मिळाली, राहिलं. आता तसं नाही. पिल्लू साताऱ्याहून नाहीतर पुण्याहून गाडीतून येतं, खोक्यात बसून. बरेचदा 35-40 दिवसांचंच असतं, कारण विकणाऱ्याला घाई. खरं तर आठ आठवडे ते आईजवळ असलं पाहिजे. भावंडाला किती जोरात चावलं की ते ओरडतं, आई कधी गुरगुरते, हे सगळं शिक्षण त्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत होतं. ते बुडालं की पुढे आपल्या हाताला दात लागतात आणि आपण म्हणतो, पिल्लू आगाऊ आहे.

आता रडण्याकडे येऊ. विटगेनस्टाइन नावाचा विसाव्या शतकातला मोठा तत्त्वज्ञ. त्याचं 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1953 साली आलं. त्यात त्याने कुत्र्याबद्दल एक साधा प्रश्न उपस्थित केलाय. मालक दाराशी आलाय असं कुत्र्याला वाटू शकतं, हे आपण सहज मान्य करतो. पण मालक परवा येणार आहे, असं त्याला वाटू शकेल का? विटगेनस्टाइनला तिथे भाषेबद्दल बोलायचं होतं. मी तो प्रश्न पिल्लाच्या खोक्यात नेऊन ठेवतो. आपण दिवा मालवतो, दार लावतो, मनात म्हणतो, सकाळी सहाला उठूच की. ही 'सकाळ' आपल्याकडे आहे. पिल्लाकडे नाही. काल रात्रीपर्यंत ते पाच-सहा भावंडांच्या उबेत, एकावर एक पडून झोपत होतं. आज अंधार, गार फरशी आणि कुणीच नाही. "थोड्या वेळासाठी कुणी नाही" असं त्याला म्हणता येत नाही.

आमच्याकडे बंड्या आला तो डिसेंबरात. वडूजची डिसेंबरची थंडी तुम्हाला सांगायला नको. मला कुणीतरी सांगितलं होतं की रडू द्यायचं, लक्ष दिलं की लाडावतं, तीन दिवसांत गप्प बसतं. मी ते मानलं. पडवीत गोणपाटावर ठेवला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या रात्री त्याचा आवाज बसला. तिसऱ्या रात्री तो खरंच गप्प झाला आणि मला वाटलं, जमलं.

त्या दिवसांत शेजारच्या रानात एका धनगर आबांनी मेंढरं बसवली होती. सकाळी मी त्यांना मोठ्या समाधानाने सांगितलं, "आबा, पिल्लू शिकलं बघा." ते म्हणाले, "सर, शिकलं न्हाई, दमलं ते. पिल्लू रडतंय म्हंजी हाक मारतंय. हाकंला कुणी आलंच न्हाई तर ते काय शिकायचं? कुणी येत न्हाई, एवढंच."

मंडळी, चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला ते ऐकून घ्यावं लागलं.

त्यांच्या वाघरीच्या कडेला मी नंतर दोन-तीनदा जाऊन बसलो. त्यांची दोन पिल्लं मेंढरांच्या पायात लोळत होती, करडांशेजारी झोपत होती. रात्री लांडगा आला तर उठायचं ते याच कुत्र्यांनी, आणि ती उठतात, कारण मेंढरं त्यांची 'आपली माणसं' झालेली असतात. हे धनगरांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. डार्विन 1833 साली दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वेमध्ये फिरत होता. तिथल्या मेंढपाळांचीही हीच पद्धत त्याने लिहून ठेवली आहे: पिल्लू लहानपणीच आईपासून काढून मेंढरांत ठेवायचं, मेंढीचं दूध पाजायचं, लोकरीचं अंथरूण द्यायचं. पुढे स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास करून 1965 साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ठरवतं, आपले कोण आणि परके कोण. त्या काळात जे भेटलं नाही त्याची पुढे भीती बसते. म्हणजे तुमच्या घरी पिल्लू येतं तेव्हा ही खिडकी अर्धी मिटलेली असते. उरलेले चार-पाच आठवडे मोलाचे असतात, आणि त्यातले पहिले तीन दिवस मी पडवीचं दार लावून... असो.

मग करायचं काय? पहिल्या रात्री खोकं आपल्या अंथरुणाशेजारी ठेवा. वास ओळखीचा असावा म्हणून आणतानाच आईजवळचं एखादं फडकं मागून घ्या. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा. कुरकुरलं तर हात खाली सोडा, बस्स. खेळ नको, दिवा नको. मध्यरात्री एकदा आणि पहाटे एकदा बाहेर न्या, कारण दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरवत नाही. आठ-दहा दिवसांनी खोकं एकेक हात दाराकडे सरकवत न्या. दिवसाही ते बराच वेळ झोपतं. पाहुण्यांची मुलं त्याला सारखं उचलून आणतील, त्यांना आवरा.

आता माझी दुसरी चूक. डेव्हिड ह्यूमने 1739 सालच्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या बुद्धीवर एक छोटं प्रकरण लिहिलंय. मालकाच्या आवाजावरून त्याचा राग ओळखणारं कुत्रं त्यात आहे. ह्यूम म्हणतो, हे ते युक्तिवाद करून ओळखत नाही. एकामागोमाग एक घडलेल्या गोष्टींची सवय त्याला तिथे नेते. (आणि आपणही बहुतेक वेळा तेच करतो, हा त्याचा खरा टोला.) 'एकामागोमाग' हा शब्द इथे महत्त्वाचा. गोष्ट आणि तिचं फळ यांत दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की पिल्लाच्या मनात त्यांची गाठ बसत नाही.

बंड्याने माझी चप्पल कुरतडली दुपारी. मी बाजारातून आलो संध्याकाळी. तो शेपूट हलवत दाराशी आला, आणि मी वर्तमानपत्राची घडी करून त्याला दोन फटके दिले. आता ह्यूमच्या हिशेबाने बघा, तो काय शिकला? चप्पल खाऊ नये? छे! तो शिकला की सर बाजारातून आले आणि आपण जवळ गेलो की मार बसतो. पुढे पंधरा दिवस मी घरात आलो की तो जागेवर बसून मुतायचा. मी म्हणायचो, मुद्दाम करतो, खोडसाळ आहे. ती भीती होती. पिल्लू 'मी लहान आहे, मारू नका' हे असंच सांगतं.

महाभारताची कथा कुठून सुरू होते विचारलं तर लोक शंतनू सांगतात, गंगा सांगतात. आदिपर्वाच्या अगदी सुरुवातीला पौष्यपर्व आहे, ते बघा. जनमेजय आपल्या भावांबरोबर कुरुक्षेत्रावर सत्र करतोय. तिथे सरमेचं, देवांच्या कुत्रीचं, पिल्लू येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. सरमा आधी त्यालाच विचारते, तू काही केलं असशील. ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. मग सरमा थेट राजाच्या सत्रात येऊन जाब विचारते, माझ्या पोराचा गुन्हा काय? कुणाकडेही उत्तर नसतं. ती शाप देते, निरपराध्याला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. आणि राजा घाबरतो, चांगला पुरोहित शोधत फिरतो. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दाराशी विनाकारण मार खाल्लेलं एक पिल्लू बसलेलं आहे. हे मी वर्गात अनेकदा शिकवलं होतं हो! तरी घडी उगारलीच.

चप्पल वाचवायची असेल तर चप्पल वर ठेवा. चावायला जुन्या फडक्याची गाठ द्या. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या, आणि तिथे केलं की त्याच क्षणी शाबासकी. घरात केलं तर मुकाट्याने पुसा. नाक घासू नका. ती रीत किती जुनी असली तरी चुकीची आहे.

खाण्याचं पटकन सांगतो. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. आधी जे खात होतं तेच पहिले काही दिवस द्या. म्हशीचं दूध वाटीभर ओतू नका, जुलाब होतात. कांदा-लसूण, चॉकलेट नको. आणि आपल्या भागासाठी खास: द्राक्षं आणि बेदाणे. तासगावचा बेदाणा घरात मोकळा पडलेला असतो, पोरं प्रेमाने भरवतात. कुत्र्याचं मूत्रपिंड त्याने निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ले की होईल याचा भरवसा नाही. खाल्ले असतील तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.

लशी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, 16 आठवड्यांपर्यंत. रेबीजची साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर, नंतर डॉक्टर सांगतील तशी. इथे एक पेच आहे. पार्वोचे विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतात, म्हणून लशी पुरत्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही. आणि जग दाखवायचे आठवडे नेमके तेच! उपाय सोपा आहे, कडेवर घ्या. मी बंड्याला उपरण्यात गुंडाळून येरळेच्या काठाने न्यायचो. एस.टी.चा भोंगा, बैल, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं त्याने माझ्या छातीशी बसून पाहिलं. लोक हसायचे. हसू देत.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं, तर "लहान तर आहे" म्हणून सोडू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मुलं सांगत नाहीत, कारण पोटातली चौदा इंजेक्शनं अजून लोकांच्या डोक्यात आहेत. आता ती दंडात देतात, आणि थोडीच असतात. पिल्लू घरी यायच्या आधी हे मुलांना सांगून ठेवा: चावलं तर कुणी रागावणार नाही, तुलाही नाही आणि त्यालाही नाही.

बंड्या आता सहा वर्षांचा आहे. माझ्या खुर्चीखाली झोपतो. सकाळी पेपर वाचून झाला आणि मी त्याची घडी घातली की मात्र उठून बाहेर जातो.

मागच्या वेळचे ते तरुण मित्र आलेत का? आलात. बसा पुढे. पिल्लू अजून रडतंय का ते सांगा आधी, मग बाकीच्यांचे प्रश्न घेऊ.