बार मोजले, वजन कुणी केलं?

मागच्या आठवड्यात एपिसोड आला नाही, कारण मी गावी होतो. सातारा जिल्ह्यात आमच्या घराचं बांधकाम चालू आहे आणि स्लॅबच्या दोन दिवस आधी कॉन्ट्रॅक्टरशी वाजलं. तर आजचा विषय तोच.

बाबांनी काम 'विथ मटेरियल' दिलंय. म्हणजे स्क्वेअर फुटाचा एकच दर, त्यात सिमेंट, स्टील, मजुरी सगळं आलं. करारात स्टीलचा ब्रँड लिहिलाय, ग्रेड एफई 500 डी, आणि पुढे दोन शब्द: 'किंवा समतुल्य'. सगळी भानगड या दोन शब्दांत आहे.

साइटवर गेलो तर बीमसाठी आलेल्या 12 एमएमच्या बारवर भलतंच नाव. कॉन्ट्रॅक्टर काका म्हणाले, "अरे, मालात काही फरक नाही, फक्त कंपनी वेगळी." बाबा गप्प. वीस वर्षांची ओळख आहे ना! मला बाजूला घेऊन म्हणाले, "उगाच तोंड वाईट करू नकोस. अजून अख्खं घर त्यांच्या हातात आहे." ते चुकीचं बोलत नव्हते, हीच पंचाईत.

म्हणून मी ब्रँडवरून भांडलोच नाही. वजन केलं. सूत्र सोपं आहे: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा. एक मीटर बारचं वजन किलोत मिळतं. 12 चा वर्ग 144, भागिले 162, म्हणजे साधारण 889 ग्रॅम. आयएस 1786 या भारतीय मानकात 12 एमएमच्या एका नमुन्याला 6 टक्क्यांपर्यंत घट चालते. म्हणजे 835 च्या खाली जायला नको. फिटरकडून तीन वेगवेगळ्या बारचे मीटर-मीटरचे तुकडे कापून घेतले आणि समोरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले. 818, 812, 815. दुकानदार म्हणाला, "पिशवी देऊ का?"

आता यात कमाई कुठे आहे बघा. स्टील विकत घेतात किलोवर, पण ड्रॉइंगप्रमाणे बसवतात नगावर. बीममध्ये चार बार हवेत, तर चारच दिसतात. मोजणाऱ्याला हिशेब बरोबर वाटतो, आणि दर टनामागे 80 किलोच्या आसपास स्टील आलेलंच नसतं. आमच्याकडे कोडमध्ये चूक झाली तर रोलबॅक करता येतो. स्लॅब ओतल्यावर कसला रोलबॅक!

काट्यावरचे फोटो, बारवरच्या नावाचे फोटो काकांना व्हॉट्सॲपवर पाठवले आणि एवढंच लिहिलं: "या लॉटचं मिल टेस्ट सर्टिफिकेट द्या, आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने होकार दिला की स्लॅब घालू." 'तुम्ही फसवलं' हा शब्द कुठेच नाही. सर्टिफिकेट आलं नाही. तिसऱ्या दिवशी टेम्पो येऊन माल परत घेऊन गेला.

समजा गेला नसता तर? स्वतःच्या प्लॉटवर स्वतःपुरतं घर बांधताना महारेराचा उपयोग नाही, ते बिल्डरच्या प्रोजेक्टसाठी. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये 'सेवा' या व्याख्येत घरबांधणी आहे. कॉन्ट्रॅक्टरला दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, तेही दोन वर्षांच्या आत. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आधी सल्ला हवा असेल तर 1915 ही हेल्पलाइन आहे. मात्र तिथे तुमच्याकडे लेखी करार आणि काँक्रीट पडण्याआधीचे फोटो लागतील. आणि करारात 'समतुल्य' ठेवायचंच असेल तर त्यापुढे 'मालकाच्या लेखी मंजुरीने' एवढं लिहून घ्या.

मला रात्रभर झोप लागली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. आधी ओतलेल्या कॉलममध्ये काय गेलं असेल? सकाळी शिडी लावून कॉलमच्या वर निघालेले 16 एमएमचे बार एकेक पुसून पाहिले. सगळ्यांवर करारातलंच नाव होतं.

स्लॅब गुरुवारी झाला. काका माझ्याशी बोलले नाहीत, बाबांसोबत मात्र चहा घेतला.