दाब काढला तरी टायटॅनियम पूर्वीसारखं का होत नाही?

आमच्या हिवरखेडकडं कापसाची गाठ सगळ्यांच्या ओळखीची. प्रेसिंगमध्ये रुई दाबून पट्ट्या आवळतात. पट्ट्या तोडल्या की रुई परत फुगते. टायटॅनियमचं मात्र तसं नाही. त्याला पुरेसं दाबलं, की अणूंची मांडणीच बदलते, आणि दाब काढल्यावरही नवी मांडणी बरीचशी टिकून राहते.

नेहमीच्या स्थितीतल्या मांडणीला अल्फा म्हणतात. दाबाखालची ओमेगा मांडणी जेमिसन यांनी १९६३ मध्ये दाखवली. दोन्ही षट्कोनीच, पण ओमेगा जास्त कडक आणि ठिसूळ. हा विषय आपल्यालाही परका नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या सिक्का, व्होरा आणि चिदंबरम यांचा १९८२ चा ओमेगावरचा आढावा लेख या विषयात येणाऱ्यानं वाचायलाच हवा.

आता दाब किती, ते बघू. १ गीगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण १० टन वजन. प्रयोगशाळेत १० मिलिमीटर व्यासाची चकती ६ गीगापास्कलच्या आसपास दाबतात आणि त्याच वेळी पिळतात. पिळल्यामुळे दोन गोष्टी होतात. ओमेगा कमी दाबाला तयार होतो, आणि धातूचे ग्रेन एका मायक्रॉनपेक्षाही बारीक होतात. धातू वाकतो तो डिस्लोकेशन सरकल्यामुळे, आणि ग्रेनच्या सीमा त्यांना अडवतात. म्हणजे ग्रेन बारीक, तर ताकद जास्त.

खरी गोम इथंच आहे. कडकपणा वाढला, पण श्रेय कोणाचं? ओमेगाचं की बारीक ग्रेनचं? एक्स-रे डिफ्रॅक्शननं ओमेगा किती आहे ते बघा. मग चकती तापवून ओमेगाचा परत अल्फा करा आणि कडकपणा पुन्हा मोजा. तापवताना ग्रेन वाढले का, हेही तपासायचं. नाहीतर तुलना फसते.

दुसरं, पीळ सगळीकडं सारखा नसतो. जाडी १ मिलिमीटर धरली, तर एका फेऱ्यात कडेला विकृती सुमारे ३१ येते आणि मधोमध शून्य. म्हणून सरासरीचा एकच आकडा देऊ नका, मधापासून कडेपर्यंत मोजा.

एवढा खटाटोप कशाला? हाडात बसवायच्या स्क्रूंसाठी ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेलं टायटॅनियम वापरतात. शुद्ध टायटॅनियमच तेवढं मजबूत झालं, तर ही भेसळ टाळता येईल. पण ठिसूळ स्क्रू शरीरात तुटला तर काय? म्हणून नुसता कडकपणा मोजून थांबू नका. नमुना ताणून बघा, तुटेपर्यंत.