सातासमुद्रापलीकडील समाजबांधव आणि आपण

अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत वाढलेली आपली मुले आज नोकरी-शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. अशा वेळी एक प्रश्न समाजात नेहमी विचारला जातो : तिकडे गेलेल्यांचा इकडच्या चळवळीला उपयोग काय? याचे उत्तर भावनेच्या भरात न देता घडलेल्या गोष्टी पाहून दिले पाहिजे.

हे नाते नवे नाही. प. पू. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तिकडची विद्या त्यांनी इकडच्या लढ्याला दिली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. दुःख एकच असेल तर अनुभवाची देवाणघेवाण झाली पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती.

पुढे परदेशस्थ आंबेडकरी बांधवांनी हेच काम चालविले. २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा प्रश्न जगापुढे मांडण्यात आला. अधिकृत घोषणापत्रात त्याला स्थान मिळाले नाही. पण २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने जन्माधारित भेदभावात जातीचा स्पष्ट समावेश केला. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनच्या ज्या घरात राहिले, ते विक्रीस निघाल्याचे तेथील आंबेडकरी संघटनांनी निदर्शनास आणले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियातील तसेच विधेयक मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले. म्हणजे तेथेही यश आणि अपयश दोन्ही आहे.

आता मदतीचा प्रश्न. बँकेत नोकरी करीत असल्याने एक गोष्ट येथे स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. भारतीय पासपोर्ट असलेल्या बांधवाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत संस्थेला दिलेली देणगी विदेशी ठरत नाही. मात्र त्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर २०१० चा विदेशी अंशदान कायदा लागू होतो. मग संस्थेला केंद्र सरकारकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनुसार ही रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतच जमा होते आणि एका संस्थेने घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मोठ्या संस्थेकडून गावच्या लहान मंडळाकडे येणारी वाट त्यामुळे बंद झाली. म्हणून देणगी स्वीकारण्यापूर्वी देणाऱ्याचे नागरिकत्व विचारावे, पावती द्यावी, हिशेब दरवर्षी सभेपुढे ठेवावा.

पैशाला मर्यादा आहे, मार्गदर्शनाला नाही. बुलडाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये सुरू केलेली 'एकलव्य' ही संस्था घरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची वाट दाखविते. ते स्वतः २०२१ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनला शिकावयास गेले. प्रवेशाचा अर्ज कसा लिहावा, शिष्यवृत्ती कोठे मिळते, हे सांगावयास दिल्लीतून परवानगी लागत नाही. परदेशी असलेल्या प्रत्येकाने वऱ्हाडातील एका मुलाला महिन्यातून एक तास दिला, तरी ते मोठे दान होईल.

आपलेही कर्तव्य आहे. गावात अत्याचार घडला, तर तिकडचे बांधव आवाज उठवतील. पण तो आवाज आपण पाठविलेल्या माहितीवर उभा असतो. एफआयआरची प्रत, तारखा, लागलेली कलमे अचूक हवीत. चुकीची एक गोष्ट खऱ्या दहा गोष्टींवरचा विश्वास उडवते. शिवाय पीडित कुटुंबाला विचारल्याशिवाय त्यांचे नाव वा छायाचित्र बाहेर पाठवू नये. निदर्शने संपली की निदर्शक आपापल्या घरी जातात. साक्षीदाराला मात्र त्याच गावात, त्याच विहिरीवर, त्याच मालकाच्या शेतात दिवस काढावे लागतात. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला त्याच्यासोबत अकोल्याहून, अमरावतीहून कोणी जावयाचे, हे लंडनवाल्यांनी नव्हे, आपणच ठरवावयाचे आहे.

दूरच्यांनी आवाज द्यावा, जवळच्यांनी सोबत द्यावी. दोन्ही मिळूनच चळवळ पूर्ण होते. जयभीम!