मातीचा गड

आश्विन महिन्यात पाऊस ओसरतो, पंचगंगेचे पाणी पुन्हा आपल्या पात्रात जाते, शाळांच्या सहामाही परीक्षा संपतात आणि कोल्हापूरच्या पेठांतील मुलांना दगडमातीचे वेध लागतात. कोणी पडक्या भिंतीच्या विटा गोळा करतो, कोणी रिकामे पोते मिळवतो, तर कोणी शेताच्या बांधावरून मातीची पाटी भरून आणतो. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, शाहूपुरीत, घरांच्या अंगणांत आणि बोळांच्या तोंडाशी दोनचार दिवसांतच लहान लहान डोंगर उभे राहतात. दिवाळीचा किल्ला तयार होऊ लागतो.

किल्ला बांधण्याची रीत साधी आहे. पण तिच्यात बरीच युक्ती सामावलेली असते. प्रथम दगडविटांचा ढीग रचून डोंगराचा सांगाडा उभा करावयाचा. त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरावयाचे, म्हणजे वरची माती घसरत नाही. मग मऊ मळलेल्या मातीचा लेप देऊन कडे, सोंडा आणि खिंडी कोरावयाच्या. माथ्यावर तट आणि बुरूज येतात, मधोमध बालेकिल्ला येतो, एका अंगाला महादरवाजा आणि त्याच्याकडे नागमोडी वळणांनी चढणाऱ्या पायऱ्या येतात. एखाद्या वाटीचे तळे होते. माती ओली असतानाच तीवर हळीव किंवा मोहरी पेरली, की लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगरउतारावर हिरवळ दाटते. ही पेरणी वेळेवर झाली पाहिजे. उशीर झाला तर दिवाळी उजाडूनही डोंगर उघडाच राहतो.

डोंगर झाला, तट झाला, तरी त्याला गड म्हणता येत नाही. त्यावर माणसे वसली पाहिजेत. कुंभारांनी घडवलेली चित्रे याच दिवसांत बाजारात मांडली जातात. सिंहासनावर बसलेले महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, भालदार, घोडेस्वार, तोफा आणि तोफची तर असतातच. शिवाय डोक्यावर घडा घेतलेली गवळण, बैलजोडी हाकणारा शेतकरी आणि गुहेच्या तोंडाशी बसवावयाचा वाघही असतो. मागील वर्षीची चित्रे पेटीतून बाहेर निघतात. कोणाचा भाला मोडलेला असतो, कोणाचा रंग उडालेला असतो. पण जुना मावळा सहसा टाकून दिला जात नाही. कधी पायथ्याच्या रस्त्यावर खेळण्यातील मोटार उभी राहते, तर कधी मावळ्यांच्या शेजारी बंदूकधारी सैनिक पहाऱ्यास येतो. मोठी माणसे हसतात. मुलांना मात्र त्यात काही विपरीत वाटत नाही. त्यांच्या गडावर रक्षणाचे काम असते आणि रक्षणास जो येईल त्याला तेथे जागा असते.

किल्ला उभा राहिला म्हणजे खरा खेळ सुरू होतो. कोल्हापूरच्या मुलांना त्यासाठी कथा दूरवर शोधावी लागत नाही. शहराच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरांवर पन्हाळगड उभा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस, हा गड बांधला गेला. १६६० साली आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने त्याला वेढा घातला. शिवाजी महाराज गडावर अडकून पडले. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनीही तोफा आणून जौहरास साहाय्य केले. वेढा चार महिने चालला. अखेर त्या वर्षाच्या जुलै महिन्यात, १२ तारखेच्या पावसाळी रात्री, महाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले व विशाळगडाकडे निघाले. परंपरा सांगते की त्या रात्री दोन पालख्या निघाल्या होत्या. दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घेतलेला शिवा काशीद बसला होता. शत्रूने ती पालखी धरली आणि शिवा काशीदाने आपले प्राण दिले. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी शत्रूस रोखून धरले आणि महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत ते झुंजत राहिले. तीच खिंड आज पावनखिंड या नावाने ओळखली जाते.

अंगणातील गडाभोवती ही कथा पुन्हा पुन्हा घडते. एक मुलगा बाजी होतो, एक जण जौहर होतो. जौहर व्हावयास प्रारंभी कोणी तयार नसतो. मग पाळी लावली जाते. शिवा काशीद कोणी व्हावे, यावर कधी भांडण होते, कारण त्या भूमिकेचा शेवट सर्वांना ठाऊक असतो, तरी ती हवीशी वाटते. प्रश्नांना तर अंतच नसतो. चोरवाट पूर्वेकडे काढावी की पश्चिमेकडे? वेढा आणखी महिनाभर टिकला असता तर गडावरील धान्य पुरले असते काय? तळ्याचे पाणी आटले तर काय करावे? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात मिळत नाहीत. ती मुलांना आपापसांत विचार करूनच द्यावी लागतात, आणि एकाने दिलेले उत्तर दुसऱ्यास पटवूनही द्यावे लागते.

बुद्धिबळाचा डाव मात झाली की संपतो. कॅरमचा खेळ सोंगट्या संपल्या की आटोपतो. या खेळांत जय आणि पराजय ठरलेले असतात. मातीच्या गडावरील खेळ निराळा आहे. येथे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. आजची मोहीम संपते. पण गड, वाटा, मावळे आणि पायथ्याचे गाव उद्याच्या मोहिमेसाठी तसेच उभे असते. खेळाडू त्या जगात राहावयास येतात. त्याला संपवावयास येत नाहीत.

अशाच जातीचा एक खेळ अमेरिकेतही जन्मास आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे तळघरे आणि अग्निमुखी महासर्प, असे आहे. यात पाचसहा जण एका मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो व प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक भूमिका घेतात; कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. आपले पात्र त्या प्रसंगी काय करील हे ज्याने त्याने सांगावयाचे, आणि अवघड कृत्य साधले की फसले, हे फाशांवरून ठरवावयाचे. खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९७२ साली, गायगॅक्स यांनी एका पडक्या किल्ल्याखालील तळघरांचे नकाशे कागदावर काढले होते आणि त्यांत प्रथम उतरले ते त्यांचाच मुलगा आणि मुलगी. त्या किल्ल्याभोवती पुढे नगर वाढले, नगराभोवती देश वाढले आणि त्यांतून ‘ग्रेहॉक’ नावाचे एक संपूर्ण काल्पनिक जग तयार झाले.

१९८० साली हे जग छापून प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात ३२ पानांची एक पुस्तिका आणि दोन मोठे नकाशे एवढीच सामग्री होती. एकेका राज्यासंबंधी थोडक्यात माहिती दिलेली होती. राजा कोण, सैन्य किती, शेजाऱ्यांशी वैर कोणते, हे सांगितले होते. पण गावोगावी काय चालले आहे, अरण्यात काय दडले आहे, हे बहुतांशी खेळणाऱ्यांवर सोडले होते. पुढील काळात त्याहून विस्तृत, अधिक बारकाईने वर्णिलेली कितीतरी काल्पनिक जगे निघाली. तरी २०२४ साली या खेळाचा सूत्रधारासाठीचा नवा मार्गदर्शक ग्रंथ निघाला, तेव्हा नमुन्याचे जग म्हणून त्यात पुन्हा ग्रेहॉकच घेतले गेले.

ग्रेहॉक हे केवळ कल्पनेचे जग आहे आणि पन्हाळगड हा दगडाचा, इतिहासाचा गड आहे, हा भेद मोठा आहे. परंतु मेजावरचा नकाशा आणि अंगणातील मातीचा डोंगर यांची मोहिनी एकाच ठिकाणी आहे. दोन्ही जगे अपुरी आहेत. नकाशावर पर्वत दाखवलेला असतो, गुहेत काय आहे ते दाखवलेले नसते. गडाला महादरवाजा असतो, त्यातून कोण येणार हे ठरलेले नसते. ही मोकळी जागा म्हणजे त्या जगातील उणीव नव्हे. ते खेळणाऱ्यास दिलेले आमंत्रण होय. ज्या जगात सर्व काही आधीच भरलेले असते, तेथे पाहुणा हिंडून परत जातो. ज्या जगात काही करावयाचे राहिलेले असते, तेथे तो घर बांधतो. म्हणूनच अशी जगे जुनी झाली तरी शिळी होत नाहीत. आजोबांनी बांधला तोच पन्हाळा नातू बांधतो, आणि तरीही तो त्याचा स्वतःचा असतो.

मोकळ्या जागेबरोबर मर्यादाही हवी. मावळ्याने पंख फुटून उडून जावे असे एखाद्याने म्हटले, तर इतर मुले ते चालू देत नाहीत. गडावर जावयाचे तर पायऱ्यांनीच जावे लागते; कडा चढावयाचा तर दोर लावावा लागतो. या मर्यादेमुळेच युक्तीला किंमत येते. १६७३ साली कोंडाजी फर्जंद याने अवघ्या ६० माणसांनिशी पन्हाळा जिंकून घेतला. तट उंच होता आणि पहारा जागा होता, म्हणूनच तो पराक्रम ठरला.

मुले थोडी मोठी झाली की त्यांना मातीच्या गडावरून खऱ्या गडाची ओढ लागते. पन्हाळ्यावर तीन दरवाजा पाहताना महादरवाजाची खरी वळणे समजतात. गंगा, यमुना, सरस्वती अशा नावांच्या धान्यकोठारांचा अंबरखाना पाहिला, म्हणजे वेढ्यात धान्य कोठे साठवत असावेत हा अंगणातील प्रश्न सुटतो. बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांचे पुतळेही तेथे आहेत. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्यांत पन्हाळा आहे. गड पाहून आलेल्या मुलाचा पुढील वर्षीचा किल्ला आधीच्यासारखा राहत नाही. त्यात अंधारबाव येते, कोठारे येतात, तटाला योग्य जागी बुरूज येतो. इतिहासात काय घडले आणि खेळात आपण काय घडवले, हा फरकही त्याला कळू लागतो. हा फरक न पुसता दोन्हींवर प्रेम करता येणे, हीच खरी जाण होय.

अलीकडे बाजारात तयार किल्लेही मिळतात. ते सुबक आणि हलके असतात. रंग देऊन पूर्ण केलेले असतात. अनेक घरांना आता अंगण उरलेले नाही, त्यामुळे त्यांची सोय वाटते, आणि ती कोणी नाकारू नये. परंतु तयार किल्ला पेटीतून काढून ठेवला की काम संपते. त्याच्या चोरवाटेची जागा बदलता येत नाही. त्यावर हळीव उगवत नाही आणि रात्री पावसाची सर आली तर त्याच्या काळजीने कोणाची झोप मोडत नाही. जेथे करावयाचे काही उरत नाही, तेथे खेळण्याचेही फारसे उरत नाही. ही गोष्ट मुलांनाच आधी उमगते. म्हणूनच मोठ्या इमारतींच्या आवारातही, गाड्यांच्या मधल्या कोपऱ्यात, चार मुले एकत्र येऊन विटा रचताना दिसतात.

दिवाळी सरते. कोठे तुळशीच्या लग्नापर्यंत गड राखतात, तर कोठे शेवटचा फटाका त्याच्याच पोटात लावून तो उडवतात. चित्रे पुसून पेटीत जातात, विटा भिंतीशी लागतात आणि माती झाडांच्या मुळाशी पडते. पाहणाऱ्यास वाटावे की सारे श्रम वाया गेले. परंतु मुलांचे बोलणे तिकडे नसते. मोडलेल्या तटाशी उभी राहून ती पुढील वर्षी खिंड कोठे काढावी आणि जौहराची छावणी कोणत्या बाजूस बसवावी, याचाच विचार करीत असतात.